विरारची विद्युत्-सीमा आणि डहाणूची लोकल : स्पंदरुंदी-नियमनाच्या इतिहासातील एक प्रकरण

मुंबईच्या उत्तरेस किनाऱ्याला धरून गेलेल्या लोहमार्गावर डहाणू रोड हे स्थानक चर्चगेटपासून सुमारे १२४ किलोमीटरांवर आहे. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा हा मार्ग सुरतेकडून दक्षिणेस सरकत सरकत नोव्हेंबर १८६४ मध्ये मुंबईस ग्रँट रोडपर्यंत येऊन पोहोचला. म्हणजे डहाणूचा मुंबईशी लोहमार्गाने जुळलेला संबंध दीडशे वर्षांहून जुना आहे. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी धावली. पुढे विरार हेच उपनगरी वाहतुकीचे उत्तरेकडील टोक होऊन बसले. ज्या गाडीस आज सर्वजण 'लोकल' म्हणतात ती गाडी विरार ओलांडून डहाणूस गेली ती मात्र एप्रिल २०१३ मध्ये. चौसष्ट किलोमीटरांचे अंतर तोडावयास तिला एकशे सेहेचाळीस वर्षे लागली.

या दिरंगाईची जी कारणे सामान्यतः सांगितली जातात, ती म्हणजे विरळ वस्ती, अपुरे रूळ, आणि मुंबईच्या प्रश्नांपुढे डहाणू-तलासरीकडील आदिवासी मुलुखाकडे झालेले दुर्लक्ष. ती खोटी नाहीत. परंतु त्यांच्या जोडीला, विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस-तीस वर्षांपुरते तरी, एक निखळ विद्युत्शास्त्रीय कारण होते आणि इतिहासलेखनात ते बहुधा तळटिपेपलीकडे जात नाही. विरारजवळ विजेची एक सीमा होती. तिच्या दक्षिणेस तारेतील प्रवाह एका प्रकारचा, उत्तरेस दुसऱ्या प्रकारचा. ही सीमा कशी उत्पन्न झाली, ती इतकी वर्षे का टिकली आणि अखेर कोणत्या साधनाने निष्प्रभ झाली, हे पाहू गेल्यास अभ्यासकास इन्व्हर्टर आणि त्यातील स्पंदरुंदी-नियमन, म्हणजे अभियंते ज्यास पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात ते तंत्र, यांच्या इतिहासात शिरावेच लागते.

हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास गेली. बी. बी. सी. आय. रेल्वेने ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेच्या गाड्या सुरू केल्या. या सर्व मार्गांवर १,५०० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह वापरला होता. त्या काळी ही निवड सर्वथैव योग्य होती. गाडी ओढण्यास सर्वांत सोयीची मोटर म्हणजे एकदिश प्रवाहाची श्रेणी-मोटर होय. थांबलेल्या स्थितीतून निघताना ती भरपूर जोर लावते आणि वेग वाढेल तसतसा जोर आपोआप कमी करते. मोटरीस जो प्रवाह हवा तोच तारेत ठेवला की गाडीवरील सामग्री साधी राहते. वेगाचे नियंत्रण रोधकांच्या साह्याने व मोटरींची जोडणी बदलून करावयाचे. स्थानकाहून निघताना विजेचा बराच भाग या रोधकांत उष्णता होऊन वाया जाई. परंतु कोळशाच्या इंजिनाशी तुलना करता त्याची कोणी फारशी खंत बाळगली नाही.

या व्यवस्थेचा दोष दूरच्या मार्गांवर उघड होतो. दाब कमी असल्याने प्रवाह फार मोठा लागतो. त्यासाठी जाड तार हवी आणि थोड्या थोड्या किलोमीटरांवर उपकेंद्र हवे. फ्रान्समध्ये १९५०नंतरच्या काही वर्षांत औद्योगिक कंप्रतेच्या, म्हणजे सेकंदास ५० आवर्तनांच्या, २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाचा प्रयोग यशस्वी झाला आणि १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने पुढील विद्युतीकरणासाठी हीच पद्धत स्वीकारली. त्या निर्णयानुसार १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदाबाद-बडोदा-सुरतेचा मार्ग विद्युतयुक्त झाला, तेव्हा २५ किलोव्होल्टची तार उत्तरेकडून येऊन विरारजवळ थबकली. पुढे मुंबई होती आणि तिचे सारे उपनगरी जाळे १,५०० व्होल्टवर चालत होते. ते बदलावयाचे म्हणजे शेकडो डबे, उपकेंद्रे, सिग्नलव्यवस्था आणि उच्च दाबाच्या तारेस पुरेशी उंची नसलेले पूल हे सगळेच बदलावयाचे. ते काम पुढच्या पिढीवर सोडून देण्यात आले. अशा रीतीने विरार-वैतरणा दरम्यान तारेचा एक मृत तुकडा, ज्यात वीजच नाही असा, आला आणि डहाणू प्रत्यावर्ती बाजूस राहिले.

सीमा अनुल्लंघ्य होती असे मात्र नव्हे. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी चित्तरंजन येथे दोन्ही प्रवाहांवर चालणारी 'डब्ल्यूसीएएम-१' जातीची इंजिने बांधण्यात आली व ती १९७५च्या सुमारास या मार्गावर आली. त्यांची रचना पाहिली म्हणजे त्या काळच्या तंत्राची मर्यादा ध्यानी येते. मोटरी एकदिश प्रवाहाच्याच होत्या. प्रत्यावर्ती विभागात त्यांच्यासाठी जड रोहित्र, दाब पायरीपायरीने बदलणारे यंत्र आणि एकदिशकारक लागे. एकदिश विभागात ही सारी सामग्री निरुपयोगी होऊन रोधकांवर काम भागवावे लागे. एकाच छपराखाली दोन संसार थाटल्यासारखा हा प्रकार होता. आणि दोहोंपैकी एक संसार नेहमी नुसते ओझे म्हणून वाहिला जाई. इंजिनात अशा चैनीस जागा असते. उपनगरी गाडीत, जिथे डब्यांखालीच सर्व सामग्री बसवावयाची आणि वरची प्रत्येक चौरस मीटर जागा प्रवाशांस द्यावयाची, तिथे ती सहजी मिळत नाही. त्यामुळे लोकलचा मोटरमन विरारला गाडी उभी करी आणि डहाणूकडील प्रवासी तिथे उतरून शटल वा पॅसेंजर गाडीची वाट पाहत बसे.

मूळ अडचण मोटरीची होती. एकदिश मोटरीत दिक्परिवर्तक आणि त्यावर घासणारे ब्रश असतात. वेग व दाब वाढविताच तेथे ठिणग्या पडतात. धूळ, दमट हवा, पावसाळा यांनी झीज वाढते. याउलट प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारी त्रिकला प्रवर्तन मोटर, १८८८ मध्ये निकोला टेस्लाने जिचे पेटंट मिळविले ती, अगदी सोशिक. तिच्या घूर्णकास बाहेरून वीज द्यावी लागत नाही, ब्रश नाहीत, दिक्परिवर्तक नाही, पिंजऱ्यासारख्या सळया तेवढ्या. तिचा एकच हट्ट असा की तिचा वेग पुरवठ्याच्या कंप्रतेस बांधलेला असतो. कंप्रता न बदलता वेग बदलू गेल्यास ती नीट चालत नाही. इटलीतील व्हाल्तेल्लिना मार्गावर १९०२ मध्ये काल्मान कांडो याने त्रिकला मोटरींच्या गाड्या चालवून दाखविल्या. पण त्यासाठी डोक्यावर दोन तारा ओढाव्या लागल्या आणि गाड्यांना मोजकेच ठराविक वेग मिळाले. मोटर उत्तम, परंतु तिला हवी तशी वीज कोणी पुरवावयाची, हा प्रश्न पुढील साठ-सत्तर वर्षे अभियंत्यांपुढे उभा राहिला.

त्याचे उत्तर अर्धसंवाहकांनी दिले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९५७ मध्ये थायरिस्टर तयार झाला आणि एकदिश प्रवाहापासून हव्या त्या कंप्रतेचा त्रिकला प्रवाह बनविणे, म्हणजेच इन्व्हर्टर, हे व्यवहारात येण्याजोगे झाले. सहा विद्युत्-कळा ठराविक क्रमाने उघडझाप केल्या की मोटरीच्या तीन टोकांवर पायऱ्यापायऱ्यांचा दाब मिळतो. एका आवर्तनात सहा पायऱ्या येतात, म्हणून यास सहापायरी पद्धत म्हणता येईल. यात दोन उणिवा होत्या. पहिली अशी की, वेग कमी असता प्रवर्तन मोटरीस कंप्रतेबरोबर दाबही त्याच प्रमाणात कमी लागतो, आणि सहापायरी पद्धतीत दाब कमी करण्याची सोय इन्व्हर्टरमध्ये नाही; ती बाहेरून करावी लागते. दुसरी उणीव अधिक जाचक होती. पायऱ्यांच्या तरंगात मूळ कंप्रतेच्या पाचपट व सातपट हरात्मके असतात आणि त्यांच्या योगे मोटरीच्या परिबलात सहापट कंप्रतेचे हिसके उत्पन्न होतात. गाडी निघताना कंप्रता सेकंदास एक आवर्तन असेल तर सेकंदास सहा धक्के. खचाखच भरलेल्या डब्यात उभ्या माणसास आणि दातेरी चाकांसही ते सोसणारे नाहीत.

१९६४ साली 'ब्राउन बोव्हेरी रिव्ह्यू' या नियतकालिकात ए. शोनुंग आणि एच. श्टेमलर यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. दूरसंदेशवहनात रुजलेली स्पंदरुंदी-नियमनाची कल्पना त्यांनी मोटरीच्या इन्व्हर्टरला लावली. कल्पना सांगावयास सोपी आहे. कळ अर्ध्या आवर्तनात एकदाच उघडण्याऐवजी अनेकदा उघडझाप करावयाची आणि प्रत्येक वेळी ती किती काळ उघडी ठेवावयाची हे बदलत न्यावयाचे. जिथे इष्ट दाब मोठा तिथे स्पंद रुंद, जिथे लहान तिथे अरुंद. स्पंदांची उंची सर्वत्र सारखीच, पण मोटरीच्या गुंडाळ्यांतील प्रवर्तनामुळे प्रवाह त्या तुटक स्पंदांची सरासरी घेतो आणि जवळजवळ शुद्ध ज्यावक्राप्रमाणे वाहतो. स्पंदांची रुंदी ठरविण्यासाठी त्यांनी इष्ट ज्यातरंगाची तुलना एका वेगवान त्रिकोणी वाहक तरंगाशी केली. जिथे ज्यातरंग वर तिथे कळ एका बाजूस, जिथे खाली तिथे दुसऱ्या. दाब आणि कंप्रता या दोन्ही गोष्टी एकाच साधनाने, एकाच वेळी हाती आल्या. इन्व्हर्टरविषयीच्या पुढील बहुतेक लिखाणाचे मूळ या साध्या तुलनेत आहे असे म्हणावयास हरकत नाही.

वेगाने फिरणाऱ्या मोटरींच्या बाबतीत मात्र ही रीत सरळसोट चालत नाही. विषयाचा खरा कस येथेच लागतो. उदाहरणादाखल उपनगरी गाडीचे चाक ९५२ मिलिमीटर व्यासाचे आणि दातेरी चाकांचे प्रमाण साडेचारास एक असे धरू. गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असता चाक सेकंदास ९.३ फेरे करते व मोटर मिनिटास सुमारे २,५०० फेरे. मोटर चार ध्रुवांची असल्यास तिला सेकंदास सुमारे ८४ आवर्तनांचा प्रवाह लागतो, घसरणीपुरता किंचित अधिक. आता उच्च शक्तीची कळ सेकंदास किती वेळा उघडझाप करू शकते? थायरिस्टरनंतर आलेली, द्वाराच्या संकेतानेच बंद होणारी 'जीटीओ' कळ काही शे वेळांपलीकडे फारशी जात नाही, कारण प्रत्येक उघडझापीत तिच्यात उष्णता निर्माण होते. सेकंदास ४२० उघडझापी हाती आहेत असे समजल्यास ताशी १२ किलोमीटर वेगास, म्हणजे दहा आवर्तनांच्या कंप्रतेस, प्रत्येक आवर्तनास ४२ स्पंद मिळतात आणि तरंग सुरेख बनतो. ताशी १०० किलोमीटर वेगास तेच स्पंद प्रत्येक आवर्तनास केवळ पाच उरतात. इतके थोडे स्पंद असताना वाहक तरंग आणि इष्ट तरंग यांची गती एकमेकींशी जुळलेली नसेल तर प्रत्येक आवर्तन निराळ्या आकाराचे होते, आणि त्यातून मूळ कंप्रतेहूनही मंद असे हेलकावे मोटरीत शिरतात.

म्हणून अभियंत्यांनी वेगाप्रमाणे पद्धतच बदलण्याचा मार्ग पत्करला. मंद वेगात वाहक तरंगाची कंप्रता स्थिर ठेवावयाची. वेग वाढला की वाहक तरंग मूळ कंप्रतेच्या पूर्णांकपटीत बांधून टाकावयाचा, आवर्तनास पंधरा स्पंद, मग नऊ, मग पाच, मग तीन. सर्वांत वरच्या वेगास स्पंदांचे तुकडे करणे सोडून देऊन पुन्हा त्या जुन्या सहापायरी पद्धतीकडे परतावयाचे. हे परतणे म्हणजे माघार नव्हे. साध्या ज्या-त्रिकोण तुलनेने मोटरीस जो मूळ दाब मिळू शकतो तो सहापायरी पद्धतीच्या ७८.५ टक्केच असतो; त्यात तिसऱ्या हरात्मकाची योग्य भर घातली तरी ९०.७ टक्के. वेग वाढत असता गाडीस प्रत्येक व्होल्टची गरज असते आणि त्या वेगास सहापट कंप्रतेचे हिसके इतके जलद असतात की गाडीच्या जडत्वापुढे ते जाणवत नाहीत. मंद वेगास जो दोष असह्य, तोच वरच्या वेगास क्षम्य ठरतो. प्रवासीही या बदलांचा साक्षी असतो, मग त्यास कारण ठाऊक असो वा नसो. नव्या गाडीतून निघताना डब्याखालून येणारा स्वर चढत जातो, एकाएकी खाली उतरतो आणि पुन्हा चढू लागतो. तो दातेरी चाके बदलल्याचा आवाज नव्हे. आवर्तनामागील स्पंदांची संख्या एका टप्प्यावरून दुसऱ्यावर गेल्याचा तो नाद होय.

पश्चिम जर्मनीत १९७९ मध्ये '१२०' श्रेणीची पाच इंजिने त्रिकला प्रवर्तन मोटरींवर धावू लागली, तेव्हा या तंत्राचा लोहमार्गावरील काल खऱ्या अर्थाने सुरू झाला. भारतात ते १९९३ मध्ये एबीबी कंपनीशी झालेल्या करारान्वये आले. त्यातील ६,००० अश्वशक्तीची तेहेतीस इंजिने १९९५च्या सुमारास देशात उतरू लागली, आणि १९९८ पासून चित्तरंजनच्या कारखान्यात त्या जातीची मालगाडीची इंजिने बनू लागली. मुंबईच्या उपनगरी वाहतुकीत या तंत्राचा मोठ्या प्रमाणावर प्रवेश मुंबई नागरी परिवहन प्रकल्पामुळे झाला. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बांधलेल्या आणि सीमेन्सची विद्युत्-सामग्री असलेल्या गाड्या नोव्हेंबर २००७ पासून पश्चिम रेल्वेवर धावू लागल्या. तोवर जीटीओची जागा 'आयजीबीटी' या अधिक चपळ कळेने घेतली होती. १९८०च्या दशकाच्या आरंभी जनरल इलेक्ट्रिकमध्ये तिच्या विकासात बी. जयंत बालिगा या भारतीय अभियंत्याचा मोठा वाटा होता.

विरारच्या सीमेच्या दृष्टीने या गाड्यांचे महत्त्व मोटरीपेक्षाही मोटर आणि तार यांच्या मधोमध असलेल्या एका दुव्यात आहे. इन्व्हर्टरला एकदिश दाब लागतो. तो धारित्रांच्या साह्याने गाडीतच स्थिर ठेवलेला असतो. एकदिश विभागात तारेतील १,५०० व्होल्ट गाळणीतून या दुव्यावर येतात. प्रत्यावर्ती विभागात २५ किलोव्होल्टचा दाब रोहित्राने कमी होतो आणि दुसऱ्या एका परिवर्तकातून त्याच दुव्यावर येतो. दुव्याच्या पलीकडे, इन्व्हर्टर आणि मोटर यांच्या बाजूस, काहीही बदलत नाही. तारेत काय आहे हे मोटरीस कळत नाही आणि कळण्याची गरजही उरत नाही. जुन्या दुहेरी इंजिनात निम्मी सामग्री नेहमी ओझे होऊन राही. येथे दोन्ही प्रवाहांस सामाईक भागच मोठा आहे आणि वेगळा भाग लहान. विरारची सीमा तोडली ती या दुव्याने. हा दुवा कामाचा ठरला तो केवळ स्पंदरुंदी-नियमनामुळे, हेही लक्षात घेतले पाहिजे, कारण त्याविना स्थिर एकदिश दाबापासून शून्य ते पूर्ण वेगापर्यंतचा बदलता दाब गाडीत मिळविण्याचा दुसरा आटोपशीर मार्ग नव्हता.

प्रत्यावर्ती बाजूचा तो परिवर्तकही स्पंदरुंदी-नियमनावरच चालतो, केवळ उलट दिशेने. साधा एकदिशकारक तारेतून वेडावाकडा प्रवाह खेचतो. हा परिवर्तक कळांच्या उघडझापीने तारेतील प्रवाह दाबाशी जुळता आणि जवळजवळ ज्यावक्री ठेवतो, आणि गाडी थांबताना मोटरी जनित्राप्रमाणे वागू लागल्या की तोच वीज परत तारेत पाठवितो. जुन्या एकदिश विभागात परत पाठविलेली वीज घ्यावयास जवळपास दुसरी गाडी हवी असे. उपकेंद्रातील एकदिशकारक वीज उलट वाहू देत नसत, म्हणून गिऱ्हाईक नसल्यास ती रोधकांत जाळावी लागे. २५ किलोव्होल्टच्या तारेतून ती रोहित्रातून थेट पुरवठ्याच्या जाळ्यात जाऊ शकते. सुमारे तीस टक्के वीज अशा रीतीने वाचते, असे रेल्वेकडून सांगितले जाते. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा आकडा अविश्वसनीय वाटत नाही. विरारच्या पुढे जिथे स्थानके लांब लांब आहेत, तिथे लाभ कमी होणार हेही उघड आहे.

एका प्रश्नाचा मात्र क्वचितच उल्लेख होतो आणि तो सर्वांत नाजूक होता. रुळावर गाडी आहे की नाही हे सिग्नलव्यवस्थेस रुळांतून वाहणाऱ्या एका क्षीण प्रवाहावरून कळते. कर्षणाचा मोठा प्रवाहही त्याच रुळांतून परततो. म्हणून सामान्य रीत अशी की जिथे कर्षण एकदिश तिथे सिग्नलचा प्रवाह प्रत्यावर्ती ठेवावयाचा, आणि जिथे कर्षण प्रत्यावर्ती तिथे एकदिश. जुन्या मोटरींच्या काळात दोहोंत गोंधळ होण्याचा संभव अल्प होता. इन्व्हर्टर हे असे यंत्र आहे की ते गाडी वेग घेत असता शून्यापासून वरपर्यंतच्या सर्व कंप्रतांमधून जाते. सहापायरी पद्धतीत इन्व्हर्टर एकदिश बाजूवर मोटरीच्या कंप्रतेच्या सहापट कंप्रतेची लहर सोडतो. मोटरीची कंप्रता आठ व एक तृतीयांश झाली की ही लहर नेमकी ५० आवर्तनांची होते. वरच्या उदाहरणातील गाडी तेव्हा ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, स्थानकाच्या फलाटाशीच असते, आणि ५० आवर्तने हीच सिग्नलच्या प्रवाहाचीही कंप्रता असू शकते. मंद वेगास सहापायरी पद्धत टाळणे, स्पंदांची रचना अशी ठेवणे की घातक हरात्मके उद्भवू नयेत, अनेक परिवर्तकांचे वाहक तरंग एकमेकांपासून थोडे सरकविणे म्हणजे त्यांच्या लहरी परस्परांस खोडतील, आणि दुसरीकडे रुळांतील जुने परिपथ काढून श्राव्य कंप्रतेचे परिपथ बसविणे, अशा दोन्ही बाजूंनी हा प्रश्न सोडवावा लागला. मोटरीतील हिसके कमी करण्यासाठी जन्मलेली युक्ती अशा प्रकारे सिग्नलच्या सुरक्षिततेची राखणदार झाली.

पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावरील १,५०० व्होल्टची तार टप्प्याटप्प्याने बदलत जाऊन फेब्रुवारी २०१२ मध्ये ते रूपांतर पूर्ण झाले. मध्य रेल्वेवर ते एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गाबरोबर संपले. या सर्व वर्षांत तीच गाडी एका विभागात एकदिश आणि पुढच्या विभागात प्रत्यावर्ती तारेखाली धावत राहिली. अशा गाड्या नसत्या तर सर्व मार्ग एका रात्रीत बदलावा लागला असता, आणि मुंबईसारख्या शहरात ते अशक्यप्रायच होते. तेव्हा दुहेरी गाड्या सीमेवरून पलीकडे जाण्यासाठी आल्या असे म्हणण्यापेक्षा, सीमाच पुसून टाकण्याचे काम त्यांनी शक्य केले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. त्यानंतर चौदा महिन्यांनी डहाणूची लोकल सुरू झाली. येथे एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. डहाणूच्या खाडीकाठचे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र १९९५ पासून मुंबईच्या उपनगरांकडे वीज पाठवीत होते. म्हणजे डहाणूची वीज मुंबईस पोहोचून अठरा वर्षे झाली, तेव्हा मुंबईची विजेची लोकल डहाणूस आली.

लोकलच्या गतीपुढचा अध्याय याच दोन तालुक्यांतून जातो. जपानने १९६४ मध्ये शिंकानसेन सुरू केली ती एकदिश मोटरींवर, प्रत्येकी १८५ किलोवॅट शक्तीच्या. इन्व्हर्टर आणि प्रवर्तन मोटरी तिथे १९९२ च्या '३००' श्रेणीत आल्या. मोटरीची शक्ती ३०० किलोवॅट झाली आणि वजन निम्म्याहून खाली गेले, कारण दिक्परिवर्तक गेला आणि मोटर अधिक वेगाने फिरू शकली. ताशी २१० किलोमीटरांनी सुरू झालेली गाडी ताशी २७० किलोमीटरांवर गेली, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक होते. याच परंपरेवर आधारलेल्या ५०८ किलोमीटरांच्या मुंबई-अहमदाबाद द्रुतगती मार्गाचे भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाले. ताशी ३२० किलोमीटर वेगाच्या या मार्गाची आखणी डहाणू व तलासरी या दोन्ही तालुक्यांतून आहे, परंतु पालघर जिल्ह्यातील त्याची स्थानके विरार व बोईसर ही आहेत. १९४५च्या वारली उठावापासून जमिनीच्या हक्काची जाणीव जागी असलेल्या या अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनास ग्रामसभांनी ठरावांद्वारे विरोध नोंदविला, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. अभियंत्याच्या दृष्टीने जो वेग हे यश, तोच ज्याच्या शेतावरून गाडी न थांबता जाणार त्याच्या दृष्टीने निराळा असतो. तलासरी गाव जुन्या लोहमार्गापासून दूर, महामार्गावर आहे. तेथील माणसास लोकल धरावयाची तर अजूनही डहाणूकडे यावे लागते.

डहाणूच्या लोकलचेही पूर्ण समाधान झालेले नाही आणि त्याचे कारण आता विजेत शोधून सापडणार नाही. विरार आणि डहाणू यांच्या दरम्यान लोकल सुरू झाली तेव्हा दोनच रूळमार्ग होते. त्यावरून गुजरात व उत्तरेकडील मेल-एक्सप्रेस गाड्या, मालगाड्या आणि लोकल या सर्वांस वाट द्यावयाची होती. लोकल त्यामुळे मोजक्याच राहिल्या. २०२२च्या सप्टेंबरात मुंबई सेंट्रल ते गांधीनगर वंदे भारत गाडी सुरू झाली. तिच्याही डब्यांखाली आयजीबीटी इन्व्हर्टर आणि प्रवर्तन मोटरी आहेत, आणि ती जाईपर्यंत डहाणूच्या लोकलला एखाद्या स्थानकात थांबून राहावे लागू शकते. विरार-डहाणू मार्गाचे चौपदरीकरण मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झाले. त्यासाठी पूल, भराव आणि जमीन लागते.